एलसीडी मॉनिटरची पोलरायझर फिल्म बदलणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोलरायझर फिल्म नेमकी कुठे असते आणि तिचं काम काय?

एलसीडी पॅनेल म्हणजे काचेच्या दोन पातळ तावांमध्ये भरलेलं लिक्विड क्रिस्टल. या जोडकाचेच्या पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही अंगांना एकेक पोलरायझर फिल्म चिकटवलेली असते. मागची फिल्म बॅकलाइटच्या, म्हणजे पॅनेलमागच्या दिव्याच्या, उजेडातून एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश पुढे सोडते, लिक्विड क्रिस्टल ती दिशा कमीजास्त वळवतं आणि पुढची फिल्म किती उजेड बाहेर सोडायचा ते ठरवते. पुढची फिल्म काढून मॉनिटर चालू केला तर चित्र पुसल्यासारखं जातं आणि नुसता पांढरा उजेड दिसतो. पॅनेल बिघडलेलं नसतं. चित्र तिथेच असतं, फक्त ते डोळ्यांना वेगळं करून दाखवणारी फिल्म नसते.

फिल्मची जाडी साधारण ०.२ मिलिमीटर. मधोमध आयोडीन मुरवून ताणलेल्या पीव्हीए प्लास्टिकचा थर असतो, खरं काम तोच करतो. त्याच्या दोन्ही बाजूंना बहुतेक वेळा टीएसी प्लास्टिकचं संरक्षक आवरण असतं. काचेच्या बाजूला दाबाने चिकटणारा ॲक्रिलिक गोंद असतो आणि बाहेरच्या बाजूला मॅट किंवा चकचकीत लेप.

माझ्या स्क्रीनचं दुखणं फिल्मचंच आहे हे कसं ओळखू?

मॉनिटर बंद करून स्क्रीनवर तिरपा उजेड टाका आणि ओरखड्यावरून नख फिरवा. मग मॉनिटर चालू करून पूर्ण काळं चित्र लावा. काळ्यावर ओरखडा उजळ रेघेसारखा चमकत असेल तर पीव्हीएचा थर कापला गेला आहे, म्हणजे फिल्म बदलावीच लागेल. काळ्यावर काही दिसत नाही, पण बंद स्क्रीनवर चकाकी किंवा इंद्रधनुषी डाग दिसतो, तर फक्त वरचा लेप गेला आहे. अशा डागासाठी फिल्म बदलण्याच्या भानगडीत पडू नये.

फिल्म सुटून कडेने उचलली जाणं, आत बुडबुडे येणं, उन्हाने किंवा बॅकलाइटच्या उष्णतेने तपकिरी चट्टे पडणं, जुन्या स्क्रीनला व्हिनेगरसारखा वास येणं, ही सगळी फिल्मचीच दुखणी. वास येतो कारण उष्णता आणि दमटपणाने टीएसी विघटित होऊन ॲसेटिक ॲसिड सुटतं. एकदा ही प्रक्रिया सुरू झाली की थांबत नाही.

याउलट शाई सांडल्यासारखा काळा डाग, कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा, उभ्याआडव्या रंगीत रेघा किंवा मेलेले पिक्सेल असतील तर फिल्म बदलून काहीही साधणार नाही. ती काच, ड्रायव्हर (चित्र चालवणाऱ्या चिप) किंवा जोडणी यांची बिघाडं आहेत.

टूथपेस्ट किंवा पॉलिशने ओरखडा जात नाही का?

नाही. टूथपेस्टमध्ये घासणारे कण असतात. मॅट लेप त्यांनी झिजतो आणि बारीक रेघेच्या जागी हातभर चकचकीत ठिपका तयार होतो.

कोणत्या मॉनिटरच्या वाटेला जाऊच नये?

वक्र मॉनिटरच्या. त्याची काच आधीच वाकवून ताणात बसवलेली असते आणि सोलताना तिला तडा जायला निमित्त पुरतं. ज्या स्क्रीनवर पुढे जाड संरक्षक काच किंवा टच काच थेट चिकटवलेली आहे, तिथे पोलरायझर त्या काचेच्या खाली असतो. त्या काचा वेगळ्या करणं हे घरचं काम नाही.

साध्या, सहज मिळणाऱ्या मॉनिटरसाठी त्याच मॉडेलचं जुनं पण धड पॅनेल मिळालं तर तेच बसवावं. फिल्म बदलण्याचा खटाटोप खरा सत्कारणी लागतो तो दुसरं पॅनेल मिळतच नाही अशा ठिकाणी: यंत्रांवरचे डिस्प्ले, मोजमापाची उपकरणं, जुने लॅपटॉप, सिंथेसायझर. निन्टेंडोच्या १९८९च्या गेम बॉयवरही लोक हेच काम हौसेने करतात, आणि सराव करायला तसा लहान डिस्प्ले उत्तम.

नवी फिल्म घेताना काय काय जुळवायचं?

चार गोष्टी: कोन (फिल्म कोणत्या दिशेने कंप पावणारा प्रकाश सोडते तो), माप, गोंद आणि पृष्ठभाग. यात कोनाची चूक सगळ्यात महागात पडते, म्हणून त्यावर पुढे वेगळा प्रश्न आहे.

माप इंचातल्या कर्णावरून घेऊ नका. जुनी फिल्मच मोजा. ती चित्राच्या क्षेत्रापेक्षा प्रत्येक बाजूला दोनेक मिलिमीटर मोठी आणि पुढच्या काचेच्या कडेपेक्षा किंचित आत असते. नवी फिल्म काचेबाहेर आली तर बेझल, म्हणजे स्क्रीनभोवतीची चौकट, तिला ढकलून उचकटतो, आणि चित्राच्या आत राहिली तर कडेला पांढरी पट्टी दिसते.

गोंद लावलेलीच फिल्म घ्या. बिनगोंदाची फिल्म नुसती ठेवून कडेने पट्ट्या लावल्या तरी चित्र दिसतं, पण मधल्या हवेच्या थरामुळे काळा रंग राखाडी दिसतो आणि जिथे फिल्म काचेला टेकते तिथे इंद्रधनुषी वलयं उमटतात. आपला कोन बरोबर आहे का हे पाहण्यापुरती ती बरी.

पृष्ठभाग मॅट की चकचकीत हा आवडीचा प्रश्न आहे. मात्र मॅट फिल्मखाली अडकलेली बारीक धूळ कमी जाणवते. पहिल्यांदाच काम करणाऱ्याने मॅट घ्यावी.

स्वस्त आणि महाग फिल्ममध्ये खरंच फरक असतो का?

असतो आणि तो काळ्या रंगात दिसतो. ध्रुवण क्षमता (नको त्या दिशेचा प्रकाश अडवण्याची ताकद) ९९ टक्के असलेल्या दोन फिल्म एकमेकींवर काटकोनात ठेवल्या तर उजेड आणि अंधार यांचं गुणोत्तर सुमारे १०० : १ येतं. ९९.९ टक्क्यांना ते १,००० : १ होतं आणि ९९.९९ टक्क्यांना १०,००० : १. म्हणजे कागदावर नगण्य वाटणारा फरक अंधाऱ्या खोलीत सिनेमा पाहताना डोळ्यांत खुपतो. विक्रेता हा आकडा देत नसेल तर फिल्मचे दोन तुकडे काटकोनात धरून तेजस्वी दिव्याकडे पाहा. जांभळट किंवा निळसर उजेड झिरपत असेल तर ती फिल्म मॉनिटरच्या लायकीची नाही.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. एलसीडी पॅनेलचे टीएन, व्हीए आणि आयपीएस असे मुख्य प्रकार आहेत. टीएन आणि व्हीए पॅनेलच्या मूळ फिल्ममध्ये बाजूने पाहताना रंग टिकावेत म्हणून भरपाईचा एक जादा थर बऱ्याचदा असतो. सुट्या विकल्या जाणाऱ्या साध्या फिल्ममध्ये तो नसतो. समोरून चित्र ठीक दिसतं, पण बाजूने पाहिलं तर पूर्वीपेक्षा लवकर फिकटतं. आयपीएसमध्ये हा फरक कमी जाणवतो.

कॅमेऱ्याचा सर्क्युलर पोलरायझर इथे चालत नाही. त्यात आणखी एक थर असतो आणि तो पॅनेलच्या बाजूला आला तर चित्र बिनसतं.

० अंश, ९० अंश, ४५ अंश, १३५ अंश: माझा कोन कोणता?

ढोबळ नियम असा: टीएन पॅनेलमध्ये फिल्मचे अक्ष ४५ आणि १३५ अंशांवर असतात, आयपीएस आणि बहुतेक व्हीए पॅनेलमध्ये ० आणि ९० वर. पण पाकिटावरच्या आकड्यावर विसंबू नका. कोणी प्रकाश शोषणारा अक्ष धरून कोन सांगतं, तर कोणी प्रकाश सोडणारा. दोघांचं ० आणि ९० उलटसुलट होतं.

खात्री करायची ती पॅनेलवरच. पुढची जुनी फिल्म काढल्यावर मॉनिटर चालू करा, ओळखीचं चित्र लावा आणि नव्या फिल्मचा तुकडा समोर धरून सावकाश फिरवा. एका स्थितीत चित्र बरोबर दिसेल, तिथून ९० अंशांवर उलट रंगांचं निगेटिव्ह दिसेल आणि दोन्हींच्या मध्ये फिकं, धुरकट. चित्र सर्वात स्वच्छ दिसतं तीच दिशा.

या चाचणीत एक फसगत होते. गोंदावरचा सुटा कागद म्हणजे लायनर, हा बहुधा पीईटी प्लास्टिकचा असतो आणि तो पॅनेल व फिल्म यांच्या मध्ये आला की प्रकाशाची दिशा स्वतःच वळवतो. मग रंग विचित्र दिसतात आणि चांगली फिल्म खराब वाटते. म्हणून लायनरचा एक कोपरा सेंटिमीटरभर मागे दुमडा आणि फक्त त्या उघड्या कोपऱ्यातून पाहा. बाहेरच्या बाजूचं, शेवटी सोलून काढायचं संरक्षक आवरण राहिलं तरी हरकत नाही. मात्र तुकडा फिरवताना गोंदाची बाजू कायम पॅनेलकडेच राहू द्या. ४५ अंशांची फिल्म पालथी केली की ती १३५ अंशांची होते, आणि गोंद तर एकाच बाजूला आहे. ० आणि ९० च्या फिल्ममध्ये ही अडचण नाही.

मोठ्या तावातून ४५ अंशांत कापून घेता येईल का?

येईल, पण ताव बराच मोठा लागतो. २४ इंची १६:९ मॉनिटरचं चित्रक्षेत्र सुमारे ५३१ × २९९ मिलिमीटर. ते ४५ अंशांत बसवायचं तर लांबी आणि रुंदीची बेरीज १.४१४ ने भागा: ८३० ÷ १.४१४, म्हणजे प्रत्येक बाजू किमान ५८७ मिलिमीटर असलेला चौरस ताव. त्यात कडेची वाढीव पट्टी धरलेली नाही.

कापणी कटिंग मॅटवर, नव्या कोऱ्या ब्लेडने आणि स्टीलच्या पट्टीला धरून. फिल्म पॅनेलवर चिकटवून मग जादा भाग कापायचा विचार मनातून काढून टाका. ब्लेडची रेघ काचेवर उमटली की ती काच पुढे कधीतरी तिथूनच फुटते.

काय काय सामान लागेल?

सुटी ब्लेड आणि ती धरायची खरवडणी, प्लास्टिकची खरवडणी, हेअर ड्रायर, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, गोंद काढायचं द्रावण, धागे न सोडणारी पुसणी, नायट्राइलचे हातमोजे, कडा फेल्टने मढवलेली रुंद स्क्वीजी (फिल्म दाबून बसवायची पट्टी), चिकटपट्टी आणि पॅनेलखाली घालायला सपाट फोमचा पातळ ताव. डोळ्यांना चष्मा हवाच, कारण जुन्या ठिसूळ फिल्मचे कपचे उडतात. मोठ्या स्क्रीनसाठी दुसऱ्या माणसाचे दोन हात या सगळ्याइतकेच गरजेचे.

मॉनिटर किती उघडायचा?

पुढची फिल्म बदलायची तर शक्य तितका कमी. प्लग काढा, काही वेळ जाऊ द्या, स्टँड आणि प्लास्टिकचा बेझल काढा. काचेवर पत्र्याची चौकट येत असेल तर तीही. काच बॅकलाइटच्या बैठकीवर तशीच राहू द्या, तिला मागून तोच आधार असतो. जुन्या मॉनिटरमध्ये बॅकलाइटसाठी सीसीएफएल नळ्या (बारीक ट्यूबलाइट) असतात. त्यांना वीज पुरवणाऱ्या इन्व्हर्टर सर्किटमध्ये शेकडो व्होल्ट तयार होतात, म्हणून तो उघडा असताना मॉनिटर चालू असेल तर तिथे हात नको. नळ्यांत पारा असतो, त्या फुटणार नाहीत हे पाहा.

काचेच्या एका किंवा दोन कडांना पातळ तपकिरी रिबन चिकटवलेल्या दिसतील. त्यांच्यावर चित्र चालवणाऱ्या चिप असतात. रिबन सोल्डर केलेल्या नसतात, वाहक गोंदाने दाबून जोडलेल्या असतात. एक निसटली की उभ्या पट्ट्याचं चित्र कायमचं जातं आणि घरगुती साधनांनी ती परत जोडता येत नाही. फिल्म बदलताना बाद होणाऱ्या पॅनेलपैकी पुष्कळ या कडेवर बाद होतात, म्हणून पुढच्या प्रत्येक पायरीला ही कड कुठे आहे ते लक्षात ठेवा.

जुनी फिल्म काच न फोडता कशी सोलायची?

रिबनपासून लांबचा कोपरा निवडा. हेअर ड्रायर १५–२० सेंटिमीटरवरून फिरवत तो कोपरा हाताला गरम पण सोसवेल इतका, ४०–५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवा. उष्णतेने गोंद मऊ पडतो. जास्त तापवलं तर लिक्विड क्रिस्टल आपली रचना सोडतं आणि चालू पॅनेलवर तिथे डाग दिसतो. निवल्यावर तो जातो, पण तिथवर जाऊ नये.

ब्लेड काचेशी २०–३० अंशांत धरून कोपऱ्याची फिल्म उचला. ब्लेडचं काम इथेच संपतं. बोटात धरण्याइतकी फिल्म सुटली की ती स्वतःवरच उलटी दुमडा आणि काचेला समांतर ओढा. सरळ वर ओढलं तर गोंद काचेलाच उचलायला बघतो आणि ०.५–०.७ मिलिमीटरची काच तेवढ्याने फुटते. समांतर ओढलं तर जोर काचेच्या पातळीत राहतो. दुसऱ्या हाताच्या तळव्याने सोलल्या जाणाऱ्या रेषेच्या मागची काच दाबून धरा.

वेग मिनिटाला काही सेंटिमीटर. भराभर ओढलं तर गोंद काचेवर राहतो आणि फिल्म सुटताना भरपूर स्थिर विद्युत तयार होते, जी ड्रायव्हर चिपला घातक ठरू शकते. रिबनच्या कडेला पोचलात की ओढण्याची दिशा त्या कडेला समांतर करा, तिच्या बाहेर नको.

फिल्म थराथराने निघतेय, हे काय होतंय?

जुन्या फिल्ममध्ये हे नेहमीचं आहे. वरचं टीएसी आणि पीव्हीए निघून येतं आणि खालचं टीएसी गोंदासह काचेवरच राहतं. ते पारदर्शक असल्याने काम झालं असं वाटतं. बोट फिरवून पाहा: पृष्ठभाग चिकट न लागता गुळगुळीत लागला तर थर शिल्लक आहे. त्यावर कितीही द्रावण ओता, खालच्या गोंदापर्यंत ते पोचत नाही. कोपऱ्यावर पुन्हा ब्लेड लावून तो थरही तसाच सोलावा लागतो. व्हिनेगरचा वास येणाऱ्या फिल्मचे तर बोटभर तुकडेच निघतात. तिथे घाई करणाऱ्याची काच जाते.

काचेवर राहिलेला गोंद कसा काढायचा?

या कामात सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. पुसणीचा कागद द्रावणात भिजवून, पिळून, गोंदावर पसरा आणि वर प्लास्टिकचा ताव झाका म्हणजे ते उडून जाणार नाही. १५ ते ३० मिनिटांत गोंद फुगून जेलीसारखा होतो. मग प्लास्टिकच्या खरवडणीने एका दिशेने लोटा. एकदम सगळी स्क्रीन भिजवू नका, हातभर भाग घेत चला.

आयसोप्रोपिल अल्कोहोल सौम्य आहे, पण जुनाट गोंदावर फारसं चालत नाही. संत्र्याच्या सालीच्या तेलावर आधारलेली गोंद काढणारी द्रावणं बरी चालतात, मात्र त्यांचा तेलकट थर नंतर अल्कोहोलने पुसावा लागतो. ॲसिटोन जलद काम करतं, पण बेझलचं प्लास्टिक विरघळवतं आणि कडेने झिरपलं तर रिबनचा जोड आणि बॅकलाइटचे ताव खराब करतं. वापरायचंच तर कागद ओलसर असावा, ओला नको, आणि कडेपासून दोन सेंटिमीटर आत. कडेची पट्टी अल्कोहोल लावलेल्या बोळ्याने हळूहळू साफ करा. खिडक्या उघड्या ठेवा, जवळ ज्योत किंवा ठिणगी नको. या वेळी हेअर ड्रायरही बाजूला.

शेवटी बंद स्क्रीनवर तिरपा दिवा धरून बघा. गोंदाचा टाचणीच्या डोक्याएवढा कण राहिला तरी नव्या फिल्मखाली त्याच्याभोवती वाटाण्याएवढा बुडबुडा उभा राहतो.

नवी फिल्म बुडबुडे न येता कशी लावायची?

पंखा बंद, अंगावर लोकरीचे कपडे नकोत. शॉवरचं गरम पाणी थोडा वेळ सोडून मग वाफ बसू दिलेली न्हाणी ही घरातली सर्वात कमी धुळीची जागा, कारण वाफेबरोबर धूळ खाली बसते. पॅनेल आणि फिल्म तिथे आणायची ती वाफ विरल्यावरच.

फिल्म लायनरसकट काचेवर ठेवून चारही कडा जुळवा आणि एका आखूड कडेला बाहेरून चिकटपट्टीची बिजागरी करा. रिबन असलेल्या कडेला ही पट्टी नको. मग फिल्म उलटून बिजागरीच्या बाजूचा लायनर २–३ सेंटिमीटर सोडवून दुमडा, ती कड काचेवर टेकवा आणि स्क्वीजीने मधून बाहेर दाबा. आता एकाने लायनर खालून हळूहळू ओढायचा, दुसऱ्याने स्क्वीजी त्याच्या मागोमाग, पुढची फिल्म काचेला आधी टेकणार नाही अशी किंचित उचलून धरत. स्क्वीजीचे फटके एकमेकांवर थोडे चढलेले असू द्या. जोर बेताचा.

मध्येच धुळीचा कण दिसला तर थांबा, फिल्म तेवढीच मागे उचला आणि चिकटपट्टीच्या टोकाने कण टिपून घ्या. गोंदाची पकड पहिल्या दिवसभरात वाढत जाते, म्हणून अशी दुरुस्ती लगेचच करायची. मात्र फिल्म एकदा मोडली की ती घडी पुसली जात नाही.

खिडकीच्या फिल्मसारखं साबणपाणी फवारून लावली तर?

सरकवायला सोपं जातं हे खरं. पण पीव्हीए आणि आयोडीन दोघांनाही पाणी मानवत नाही, कापलेल्या कडेतून ते आत शिरतं आणि कड फिकी पडते. शिवाय हेच पाणी काचेच्या कडेवरून रिबनपर्यंत पोचतं. कोरडीच लावा.

बारीक बुडबुडे राहिलेत, आता काय?

कारखान्यात फिल्म लावल्यावर पॅनेल ऑटोक्लेव्ह नावाच्या बंद दाबपात्रात, सुमारे ५० अंश सेल्सिअसला दाबाखाली ठेवतात आणि बुडबुडे त्यात विरतात. घरी ते काम दिवसांवर जातं. टाचणीच्या टोकाएवढे बुडबुडे दोनचार दिवसांत आपोआप जिरतात. ज्यांच्या मध्यभागी ठिपका दिसतो ते धुळीचे, ते जाणार नाहीत. सुईने भोक पाडू नका, काळ्या चित्रावर ते भोक ताऱ्यासारखं चमकत राहील.

चित्र निगेटिव्ह दिसतंय. फिल्म न काढता सेटिंगमधून सुधारेल का?

रंग उलटे करायची सोय संगणकात असली तरी तो उपाय नव्हे. मॉनिटरचा स्वतःचा मेनू उलटाच राहतो आणि कॉन्ट्रास्टही मूळचा येत नाही. फिल्म ९० अंशांनी चुकली आहे, ती काढून योग्य कोनाची लावावी लागेल. एकरंगी आकडे दाखवणाऱ्या डिस्प्लेवर मात्र काही जण मुद्दाम असं करतात, कारण काळ्या पाट्यावर उजळ आकडे त्यांना आवडतात.

चित्र उलटं नाही पण फिकं आणि धुरकट असेल तर कोन काही अंशांनी तिरका गेला आहे. दोनतीन अंशांचा फरक पांढऱ्या पानावर कळतही नाही, काळ्यावर लगेच कळतो.

मागची फिल्मही अशीच बदलता येते का?

पद्धत तीच, धोका जास्त. काच बॅकलाइटवरून पूर्ण उचलून रिबन आणि त्यांच्या सर्किट पट्टीसकट पालथी करावी लागते, म्हणजे जिला सर्वात जपायचं ती कड अधांतरी येते. सर्किट पट्टी काचेच्याच पातळीत राहील असा आधार तिच्याखाली द्या. काही पॅनेलमध्ये मागच्या फिल्मला उजेड परत फेकणारा वेगळा पोलरायझर जोडलेला असतो. तो गेला आणि साधी फिल्म लावली तर चित्र बरोबर येतं, पण उजेड घटतो. बॅकलाइटचे सुटे ताव उघडे पडले की त्यांवर धूळ आणि बोटांचे ठसे बसतात आणि ते चित्रात दिसतात. म्हणून बॅकलाइट लगेच स्वच्छ कापडाऐवजी प्लास्टिकच्या तावाने झाकून ठेवा, कापडाचे धागे त्यातच अडकतात.

नव्या फिल्मची निगा?

पहिला दिवस स्क्रीन पुसू नका. बाहेरचं संरक्षक आवरण बेझल बसवून झाल्यावर, सर्वात शेवटी, कोपऱ्यातून तिरपं आणि सावकाश काढा. त्यानंतर पुसायला मायक्रोफायबर आणि लागलंच तर किंचित पाणी, तेही कापडावर घेऊन. अमोनिया असलेले काच साफ करायचे द्रव वरचा लेप खातात.